ग्रेस अंडर फायर

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २९ सप्टेंबर १९९३ ते १७ फेब्रुवारी १९९८ या काळात दाखवली गेलेली विनोदी मालिका. पाच पर्वे, ११२ भाग. लेखक चक लॉरी याने ती रचली, कार्सी-वर्नर या संस्थेने निर्मिती केली, आणि मुख्य भूमिका ब्रेट बटलर या एकपात्री विनोदी कलाकाराने केली. नवऱ्याची मारहाण आणि स्वतःची दारू या दोन्हींतून बाहेर पडून तीन मुलांना वाढवणारी, तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणारी घटस्फोटित बाई हा मालिकेचा विषय. तो हसवण्याचा वाटत नाही, आणि या मालिकेची नोंद घ्यावी लागते ती त्यामुळेच.

नावात श्लेष आहे. ग्रेस हे नायिकेचे नाव. त्या शब्दाचा अर्थ डौल असाही होतो आणि देवाची कृपा असाही. ‘अंडर फायर’ म्हणजे चहूबाजूंनी मारा चालू असताना. शिवाय नायिकेचे पूर्ण नाव ग्रेस केली. याच नावाची हॉलिवूडची नटी १९५६ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राशी लग्न करून राजवाड्यात गेली. आपल्या ग्रेसला हे आडनाव मिळाले ते हात उगारणाऱ्या नवऱ्याकडून. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार.

कथानक आणि पात्रे

मिझुरी राज्यातल्या व्हिक्टरी नावाच्या काल्पनिक गावात ग्रेस राहते. नवरा जिमी दारुडा आणि मारकुटा. त्याला सोडून ती क्वेंटिन, लिबी आणि तान्हा पॅट्रिक यांच्यासह वेगळी झाली आहे. कारखान्यात बहुतेक सगळे पुरुष; बायका थोड्या, आणि त्याही नियमाने घ्याव्या लागतात म्हणून घेतलेल्या, हे तिला पुरते ठाऊक आहे आणि ती ते बोलूनही दाखवते. शेजारी नादीन आणि वेड हे जोडपे (ज्युली व्हाइट, केसी सँडर). गावातला औषधविक्रेता रसेल (डेव्ह थॉमस) हा तिचा मित्र, तोही घटस्फोटित. दोघांच्या मैत्रीचे प्रेमात रूपांतर करण्याचा मोह लेखकांनी बराच काळ आवरला, हे त्यांच्या पदरी घालायला हवे. जिमीची आई जीन (पेगी रे) नातवंडांपायी येत-जात राहते. मुलगा वाईट वागला हे कळणारी, तरी आई असणारी ही सासू म्हणजे मालिकेतले उत्तम लिहिलेले पात्र. जिमी स्वतः (जेफ पिअर्सन) अधूनमधून उगवतो. पुढे ग्रेसने अल्पवयात जन्म देऊन दत्तक दिलेला मुलगा मॅथ्यूही दारात येऊन उभा राहतो.

पॅट्रिकचे काम डिलन आणि कोल स्प्राउस या जुळ्या भावांनी आलटून पालटून केले. लहान मुलांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असल्याने तिथे जुळी मुले घेण्याची पद्धत आहे. हेच दोघे पुढे किशोरांच्या मालिकांतून जगभर ओळखीचे झाले.

विनोदाची घडण

अमेरिकी विनोदी मालिकेचा हा प्रकार मुळात नाटकाचा. तीन भिंतींचा दिवाणखाना, समोर बसलेले प्रेक्षक, त्यांचा खरा हशा, आणि जाहिराती वगळता बावीस-तेवीस मिनिटांचा खेळ. देवळाच्या मंडपासमोर उत्सवी नाटके पाहत वाढलेल्या गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाला त्यातली गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नटीने वाक्य टाकायचे, हशा ओसरेपर्यंत थांबायचे, मग पुढचे वाक्य. बटलरचा या थांबण्यावर फार चांगला ताबा होता. दक्षिणी हेल काढून, आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावे तसे ती सर्वांत बोचरे वाक्य बोलून जाते.

पण खरा प्रश्न हसायचे कोणाला हा आहे. आपल्याकडे बेबदो, म्हणजे दारुडा, हे तियात्रातले, म्हणजे कोकणी लोकनाट्यातले, ठरलेले हशाचे पात्र. तो झोकांड्या खात आला की प्रेक्षक खूश. घरी वाट पाहणाऱ्या त्याच्या बायकोच्या वाट्याला मात्र रडणे आणि एखादे करुण कांतार, म्हणजे गाणे. मराठी रंगभूमीनेही यात काही वेगळे केले असे नाही. दारूवरचा विनोद पुरुषाचा, दारूचे दुःख बाईचे, अशी ती सोयीची वाटणी. ‘ग्रेस अंडर फायर’ने ती उलटी केली. इथे दारुडा नवरा हसवत नाही, आणि बायको स्वतःच दारू सोडलेली आहे. मार खाल्ल्याचा विषय ती टाळत नाही, पण मारहाणीला विनोद बनवत नाही. त्यानंतर उरलेल्या आयुष्याला, कामाच्या पाळीला, भरायच्या बिलांना आणि ‘तुला परत लग्न करायचं नाही का’ असे विचारणाऱ्या गावाला ती विनोदाचा विषय बनवते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या बैठका गोव्यातही भरतात. तिथे स्वतःची कहाणी सांगताना हशा का पिकतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या मालिकेचा सूर पहिल्याच भागात सापडेल.

सुरुवातीच्या पर्वांत शीर्षकगीत म्हणून बीटल्सचे १९६८ चे ‘लेडी मॅडोना’ अरीथा फ्रँकलिनच्या आवाजात वाजे. पदरात पोरे असलेली बाई घरभाडे कुठून भरते, असे ते गाणे विचारते. एवढे चपखल शीर्षकगीत क्वचितच मिळते.

पूर्वपीठिका

अमेरिकी दूरचित्रवाणीला एकटी आई चाले, पण विधवा. १९६२ च्या ‘द लूसी शो’मध्ये लूसी विधवा होती, तिच्यासोबत राहणारी मैत्रीण तेवढी घटस्फोटित. १९६८ च्या ‘जूलिया’तली परिचारिका (डायअ‍ॅन कॅरल) हीदेखील व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या वैमानिकाची विधवा. १९७० मध्ये मेरी टायलर मूर हिच्या मालिकेत नायिका घटस्फोटित दाखवायचा बेत होता, तो सीबीएस वाहिनीने हाणून पाडला. तिला मोडलेल्या प्रेमावर भागवावे लागले. यावर गोव्यातल्या वाचकाला हसू यावे. पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोटाचा कायदा गोव्यालाही लागू झाला होता, म्हणजे अमेरिकेतली वाहिनी ज्या शब्दाला बिचकत होती तो इथल्या दप्तरात साठ वर्षे रुळलेला होता. समाजात तो किती रुळला होता, ही गोष्ट निराळी.

१९७५ मध्ये ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ने घटस्फोटित आई आणि दोन मुली हे कुटुंब मध्यभागी आणले. पाठोपाठ १९७६ मध्ये ‘अ‍ॅलिस’मधली खाणावळीत वाढपाचे काम करणारी विधवा आली. दोन्ही मालिका नऊ-नऊ पर्वे चालल्या. १९ मे १९९२ रोजी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी ‘मर्फी ब्राउन’ मालिकेतली पत्रकार नायिका लग्नाविना मूल वाढवते म्हणून जाहीर भाषणात टीका केली आणि काल्पनिक बाईवर खरे राजकारण पेटले. मर्फीकडे पैसा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रेसकडे तो नव्हता. कार्सी-वर्नर संस्थेने १९८८ पासून ‘रोझॅन’मध्ये कष्टकरी घर दाखवले होतेच, तिथे निदान नवरा घरात होता.

गोव्यातून पाहताना

ग्रेस गोव्यात असती तर? तेलशुद्धीकरण कारखाना इथे नाही. ती बहुधा वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीत पाळीवर गेली असती. लग्नाची नोंद सरकारदरबारी असती आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसल्यास, नवरा-बायकोच्या मालमत्तेत निम्मा वाटा तिचा ठरला असता. जिमीकडे वाटून घेण्यासारखे काय होते हा भाग वेगळा.

एकट्या हाताने घर चालवणारी आई गोव्याला नवी नाही. नवरा बोटीवर गेलेल्या घरांत महिनोन्‌महिने सगळा कारभार तीच पाहते. फक्त तिला कोणी एकटी आई म्हणत नाही. कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांनी पती लवकर गेल्यावर तीन मुले एकटीने वाढवली, आणि ती गाण्याच्या मिळकतीवर. आयोजक आईला रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने बोलावत, हॉटेलात न उतरवता कुणाच्या तरी घरी ठेवत, ही सल त्यांच्या गायिका कन्या किशोरी आमोणकर यांनी पुढे मुलाखतींतून बोलून दाखवली. मोगूबाईंविषयी मराठीत जे लिहिले जाते ते आदराने, आणि बहुतेक वेळा गंभीर चेहऱ्याने. अशा बाईविषयी आपल्या भाषेजवळ कौतुक आहे, कणव आहे. तिच्या स्वतःच्या तोंडचा विनोद मात्र आपण फारसा ऐकून घेतलेला नाही. ‘आई कुठे काय करते!’ (२०१९–२०२४) या लोकप्रिय मराठी मालिकेत नायिका घटस्फोट घेऊन उभी राहते, पण तीही गंभीर कौटुंबिक कथाच.

यश आणि शेवट

पहिल्या वर्षी मालिका प्रेक्षकसंख्येत देशात पाचवी आली, दुसऱ्या वर्षी चौथी. बटलरच्या आयुष्याचा बराच भाग ग्रेसमध्ये उतरला होता: तिचेही पहिले लग्न मारहाणीचे, तिनेही दारू सोडलेली, आणि विनोदाच्या मंचावर येण्याआधी ती बारमध्ये वाढपाचे काम करीत असे. त्यामुळे ही बाई कशी बोलेल यावर तिचा आग्रह तीव्र असे, आणि लेखकांशी खटके उडत. लॉरी पहिल्या पर्वानंतर बाहेर पडला. पुढे बटलर वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकली. उपचार झाले, चित्रीकरण थांबले, पुन्हा सुरू झाले. चौथ्या पर्वानंतर ज्युली व्हाइटही गेली. नादीन नसलेल्या पाचव्या पर्वात स्वयंपाकघरातल्या गप्पांची चव उरली नाही, आणि ते पर्व पुरे होण्याआधीच वाहिनीने मालिका बंद केली.

लॉरी पुढे ‘टू अँड अ हाफ मेन’ आणि ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकांमुळे भारतातही माहीत झाला. २०१३ मध्ये त्याने इतरांसोबत ‘मॉम’ ही मालिका रचली. तिची नायिका उपाहारगृहात वाढपाचे काम करणारी, दारू सोडलेली एकटी आई, आणि तिच्या घरात येऊन राहणारी तिची स्वतःची आईही दारू सोडलेलीच. ती आठ पर्वे चालली.