पॉलिमर पत्र्याची क्रमिक घडण : विरूपण आणि भंग

पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, सपाट पत्रा कडांनी चौकटीत घट्ट आवळायचा आणि गोल टोकाच्या दांड्याने फेऱ्याफेऱ्याने दाबत नेऊन त्याला खोलगट आकार द्यायचा, या पद्धतीला क्रमिक घडण किंवा इन्क्रिमेंटल फॉर्मिंग म्हणतात. दांडा सहसा सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या अक्षात, बसवतात. एक फेरा झाला की तो अर्धा मिलिमीटर वगैरे खाली उतरतो आणि पुढचा फेरा सुरू होतो. साचा लागत नाही, म्हणून एकदोनच नग हवे असतील तेव्हा ही पद्धत सोयीची पडते. कल्पना मुळात धातूच्या पत्र्यासाठी निघाली. एडवर्ड लेझॅक यांना तिचे अमेरिकी पेटंट १९६७ मध्ये मिळाले. पॉलिमरचा पत्रा न तापवताही असा घडवता येतो, हे दाखवणारे सविस्तर प्रयोग २००८-०९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट, पॉलिअमाइड, पॉलिएथिलीन आणि पॉलिऑक्सिमिथिलीन हे पदार्थ त्यांत तपासले गेले.

कोणत्याही क्षणी फक्त दांड्याखालचा नखाएवढा भाग वाकतो आणि ताणला जातो. भोवतीचा पत्रा थंड, ताठ आणि जागच्या जागी असतो. पत्रा एकाच ठिकाणी बारीक होत जाऊन तिथेच तुटण्याला, म्हणजे ‘मान धरण्याला’, त्यामुळे वाव मिळत नाही. पॉलिमरमध्ये आणखी एक गोष्ट मदतीला येते. गुंतलेल्या लांब रेणुसाखळ्या ताणाच्या दिशेने उलगडून एका रेषेत येतात, तो भाग कणखर होतो आणि पुढचा ताण शेजारच्या भागाकडे सरकतो. पत्रा जाड आणि दांड्याचे टोक बारीक असले, तर टोकाखालचा दाब वाढून ताणाची बाजू हलकी होते आणि चीर पडण्याची वेळ लांबते. पण टोक फार बारीक असेल तर पत्रा घडण्याऐवजी खरवडला जातो.

भिंतीची जाडी साध्या त्रिकोणमितीने काढता येते. भिंत आडव्या पातळीशी जो कोन करते, त्याच्या कोज्येने (cos) मूळ जाडीला गुणायचे. ६० अंशांच्या भिंतीत निम्मी जाडी उरते. ७० अंशांवर ३ मिलिमीटरचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा होतो. कोन ९० अंशांकडे गेला की जाडी शून्याकडे जाते, म्हणून उभी भिंत एका दमात घडत नाही. पत्र्याची मर्यादा शोधायला एक छान युक्ती वापरतात : भांड्याची भिंत वर्तुळकंसासारखी घेतात, म्हणजे खोलीबरोबर तिचा कोन सतत वाढत राहतो. पत्रा ज्या खोलीला फाटतो, तिथला कोन हीच त्याची मर्यादा.

मात्र पॉलिमरचे आयुष्य फक्त जाडी ठरवत नाही, आणि धातूचा अनुभव इथे नेमका याच ठिकाणी अपुरा पडतो. पीव्हीसीचा रंगीत पत्रा घडताना नीट पाहावा. भिंत उतरत जाते तसा तिच्यावर आधी पुसट, मग दुधाळ पट्टा उमटतो. नखाने खरवडून तो जात नाही, कारण तो पृष्ठभागावरचा ओरखडा नसतो. पदार्थाच्या आत सूक्ष्म पोकळ्या उघडलेल्या असतात आणि त्या प्रकाश विखुरतात. पोकळ्या वाढल्या की घनताही घटते. घडणीत आकारमान बदलत नाही हे धातूसाठीचे गृहीतक पॉलिमरला तंतोतंत लागू पडत नाही. घडवणाऱ्याने या पट्ट्याकडे पहिला इशारा म्हणूनच पाहावे. पॉलिकार्बोनेट हा इशारा देत नाही. तो सरकत्या थरांसारखा विरूपित होतो आणि खूप ताणल्यावरही पारदर्शकच राहतो.

पत्रा निकामी होण्याच्या तीन तऱ्हा आढळतात. पहिली धातूतही दिसते : भिंत जिथे दांड्याच्या टोकाशी वळते, त्या सांध्यालगत घेरावर आडवी चीर जाते. भिंतीच्या उताराच्या दिशेने पडणारा ताण तिच्या मुळाशी असतो. दुसऱ्या तऱ्हेत काही तुटत नाही. दांडा दर फेऱ्याला एकाच दिशेने फिरत राहिला, तर घर्षणाने भिंतही त्या दिशेला थोडीथोडी ओढली जाते. हा पीळ साचत जातो आणि शेवटी भिंतीवर सुरकुत्या उठतात. एक फेरा उजवा आणि पुढचा डावा घेतला तर पीळ बराच कमी होतो. तिसऱ्या तऱ्हेत चीर भिंतीवरच तिरकी धावते. आडवी चीर पडली की कोन जास्त झाला असे सहसा म्हणता येते. तिरकी चीर दिसली, तर भिंतीच्या पातळीतल्या कातर-ताणाकडेही, म्हणजे शेजारचे भाग एकमेकांलगत सरकवणाऱ्या ताणाकडेही, पाहावे लागते.

उष्णतेचा परिणाम दुहेरी असतो. स्पिंडल जोरात फिरवली की घर्षणाने पत्रा तापतो, मऊ पडतो आणि अधिक ताणला जातो; पण तापमान फार वाढले तर पृष्ठभाग लडबडतो आणि दांड्याला चिकटतो. काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ काचेसारखा ताठ असतो ते तापमान, पीव्हीसीसाठी सुमारे ८० तर पॉलिकार्बोनेटसाठी १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पॉलिअमाइड हवेतला ओलावा शोषते आणि त्याने मऊ होते. त्यामुळे कोरड्या आणि दमट पत्र्यांची वागणूक वेगळी निघते.

सर्वांत त्रासदायक प्रश्न परतण्याचा आहे. पॉलिकार्बोनेटचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, २.३ गिगापास्कलच्या आसपास, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ७०. म्हणून दांडा उचलताच पॉलिमरची भिंत धातूपेक्षा कितीतरी जास्त मागे येते, आणि चौकटीतून काढल्यावरही काही काळ सावकाश सरकत राहते. दांड्याचा मार्ग आखताना आकार मुद्दाम जास्त खोल धरावा लागतो, आणि मोजमाप लगेच न घेता वस्तू स्थिरावल्यावर घेतलेले बरे. थंड घडवलेल्या पॉलिकार्बोनेट किंवा पीव्हीसीच्या साखळ्या ताणलेल्या स्थितीत गोठलेल्या असतात, त्यांची पुनर्रचना झालेली नसते. असे भांडे काचसंक्रमण तापमानापलीकडे तापवले, तर त्याच्या भिंती वर सरकू लागतात आणि ते पुन्हा सपाट पत्र्याकडे जाते.