फ्लॅश गॉर्डन (चित्रमालिका)

फ्लॅश गॉर्डन ही अमेरिकन वृत्तपत्रांत ७ जानेवारी १९३४ रोजी सुरू झालेली विज्ञान-अद्भुत चित्रमालिका. अलेक्स रेमंड (१९०९–५६) या चित्रकाराने ती घडवली, पण मालकी पहिल्या दिवसापासून किंग फीचर्स सिंडिकेट या वितरण संस्थेची होती. त्यामुळे चित्रकार निघून गेला तरी मालिका बंद पडण्याचे कारण नव्हते. ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिली आणि आजही चालू आहे. मराठी वाचकांना तिची ओळख झाली ती मुख्यतः मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून.

बक रॉजर्स ही अंतराळातल्या साहसांची मालिका १९२९ पासून चालू होती आणि खपतही होती. तिला तोडीस तोड काही हवे म्हणून किंग फीचर्सने हे काम रेमंडकडे सोपवले. त्याचे पहिले रविवारचे पान आजही बारकाईने पाहण्यासारखे आहे. एक अनोळखी ग्रह पृथ्वीच्या दिशेने धावत येतो आहे. आफ्रिकेच्या जंगलात नगारे वाजताहेत, वाळवंटातला अरब प्रार्थनेला बसला आहे, न्यूयॉर्कच्या चौकात गर्दी बातमीच्या पाटीकडे डोळे लावून उभी आहे. तेवढ्यात एका विमानाचा पंख उल्केने तुटतो. येल विद्यापीठाचा पदवीधर आणि पोलोपटू फ्लॅश शेजारची प्रवासी डेल आर्डन हिला धरून पॅराशूटने उडी टाकतो. दोघे उतरतात ते नेमके डॉ. हान्स झार्कोव्हच्या प्रयोगशाळेजवळ. झोप न मिळाल्याने सैरभैर झालेला झार्कोव्ह त्यांना हेर समजतो आणि पिस्तुलाच्या धाकाने आपल्या रॉकेटमध्ये चढवतो. हे सगळे एकाच पानात उरकते. वाचकाला शंका घ्यायला उसंतच मिळत नाही आणि पुढच्या रविवारची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

रॉकेट ज्या ग्रहावर जाते तो मोंगो. त्याचा सम्राट मिंग निर्दय आहे आणि त्याच्या अंमलाखाली अनेक राज्ये आहेत: राजपुत्र बारिनचे अरण्यराज्य आर्बोरिया, व्हल्टनच्या पंखधारी माणसांचे आकाशनगर, सिंहमानव, पाण्याखालचे शार्कमानव, हिमाच्छादित फ्रिजिया. इथे किरणांची बंदूक आणि तलवार एकाच लढाईत चालतात, रॉकेट उडवणारे सरदार द्वंद्वयुद्धाने वाद मिटवतात आणि जादूटोणा करणाऱ्या राण्याही आहेत. म्हणूनच या मालिकेला निखळ विज्ञानकथा न म्हणता विज्ञान-अद्भुत म्हणतात. मालिकेच्या दीर्घायुष्याचे निम्मे श्रेय या नकाशाला द्यावे लागेल. प्रत्येक नव्या लेखकाला त्यात एखादे नवे राज्य बसवता येते आणि जुन्या राज्यांना धक्का लागत नाही.

पानावर सही फक्त रेमंडची असे. गोष्ट लिहिणाऱ्या डॉन मूर यांचे नाव वाचकांपर्यंत पोचत नसे, हा अन्याय आहे आणि मालिकेविषयी लिहिताना तो भरून काढला पाहिजे. आधी एका कथामासिकाचे संपादक असलेले मूर १९३० च्या दशकापासून १९५० च्या आसपासपर्यंत या मालिकेचे लेखन करत होते. म्हणजे रेमंड गेल्यावरही मोंगोची वंशावळ आणि भूगोल सांभाळणारा माणूस तोच होता. रेमंडची रेषा मात्र थक्क करणारी आहे. सुरुवातीच्या पानावर लहान लहान चौकटींची दाटी असे. दोन-तीन वर्षांत चौकटी मोठ्या आणि मोजक्या झाल्या, माणसांच्या अंगावर छायाप्रकाश आला, आणि दशकाच्या अखेरीस त्याने संवादाचे फुगे काढून टाकून मजकूर चित्राच्या कडेला नेला. त्या पानांवर वेग कमी झाला आणि शोभा वाढली. प्रस्तुत लेखकाला १९३६–३७ ची पाने अधिक आवडतात. त्यांत दोन्ही आहे.

१९४४ मध्ये रेमंड अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात भरती झाला. १९४० पासून रोजची पट्टी (रविवारच्या पानाखेरीज रोज छापली जाणारी तीन-चार चौकटींची ओळ) काढणारा त्याचा सहकारी ऑस्टिन ब्रिग्ज याच्याकडे रविवारचे पान आले. १९४८ पासून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मॅक रेबॉयने काढले. रेबॉयची चित्रे नाजूक आणि काटेकोर आहेत.

सर्वांत मोठे वळण आणले डॅन बॅरीने. १९५१ मध्ये रोजची पट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याने मोंगो बाजूला ठेवून फ्लॅशला जवळजवळ नव्याने उभे केले. राजवाडे आणि झगे गेले. अंतराळयान, गुरूकडे निघालेली मोहीम, अवकाशातला तुरुंग हे आले. नायक आता राजपुत्रांचा मित्र कमी आणि कामावर निघालेला अंतराळवीर जास्त होता. सुरुवातीच्या काळात व्यंगचित्रकार हार्वी कुर्ट्झमन याने काही कथा लिहिल्या, तर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे दहा वर्षे विज्ञानकथाकार हॅरी हॅरिसन संहिता पुरवत होता. रेबॉयनंतर रविवारचे पानही बॅरीकडे आले आणि त्याने १९९० मध्ये काम सोडले. जवळपास चार दशके एका माणसाने मालिका वाहिली, तरी जगभर नाव घेतले जाते ते दहा वर्षे काम केलेल्या रेमंडचे. बॅरीकडे रेमंडसारखे वैभव नाही हे खरे. पण माणसांचे चेहरे, थकवा, यंत्रांचे सांधे आणि नळ्या यांत तो रेमंडच्या पुढे आहे.

मुंबईचा संबंध इथे येतो. बोरीबंदरसमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिले ३२ अंक फँटमचे, म्हणजे मराठीतल्या वेताळाचे होते. त्यानंतर मँड्रेक, रिप कर्बी, फ्लॅश गॉर्डन असे किंग फीचर्सचे इतर नायक आळीपाळीने येऊ लागले. मासिक पुढे पाक्षिक आणि मग साप्ताहिक झाले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाले आणि १९९० मध्ये बंद पडले. मुंबईत तयार झालेल्या या अंकांत फ्लॅशच्या कथा प्रामुख्याने बॅरीच्या काळातल्या होत्या. त्यामुळे इथल्या वाचकाच्या मनातला फ्लॅश हा झग्यातला नसून अंतराळवीराच्या पोशाखातला आहे.

वृत्तपत्रातल्या पट्टीचे पुस्तक करणे म्हणजे नुसती छपाई नव्हे. रोजच्या पट्टीत तीन-चार चौकटी असतात आणि पहिलीत बहुधा कालच्या प्रसंगाची आठवण करून दिलेली असते. सलग वाचताना ती अडथळा होते, म्हणून कापावी लागते. उरलेल्या चौकटी उभ्या पानात बसवायच्या तर कुठे कडा छाटायची, कुठे आकाश वाढवायचे. फुग्यांची अडचण वेगळीच. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, दोन ओळींत जास्त जागा लागते, आणि फुगा तर इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेला. त्यामुळे वाक्य आखूड करावेच लागते. इंद्रजालच्या संपादकांनी मजकुरातही हात घातला. वेताळाच्या कथांतले ‘बंगाली’ हे ठिकाण ‘डेंकाली’ झाले, ‘रामा’ हा खलनायक ‘रामालू’ झाला. मुखपृष्ठे इथेच रंगवली जात आणि त्यांतली बरीचशी गोविंद ब्राह्मणिया यांची आहेत. अनेक हातांच्या या मालिकेला मुंबईतले हे हातही जोडले गेले, आणि त्यांची नोंद परदेशी इतिहासांत सहसा सापडत नाही.

गिरगाव-दादरकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून भाड्याने आणि रद्दीच्या दुकानांतून निम्म्या किमतीत हे अंक फिरत. वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश एकाच गठ्ठ्यात बांधलेले असत. १९८६ च्या एका अमेरिकन कार्टून मालिकेत हे तिघे एकत्र लढताना दाखवले, तेव्हा इथल्या वाचकाला त्यात नवल वाटण्यासारखे फारसे नव्हते.

पडद्यावर फ्लॅश तीनदा साप्ताहिक चित्रपटमालिकांतून आला (१९३६, १९३८, १९४०). तिन्हींत नायक बस्टर क्रॅब होता. १९८० च्या रंगीत चित्रपटाचे संगीत क्वीन या वाद्यवृंदाचे. त्यातला गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला. दिग्दर्शक जॉर्ज लुकसला आधी फ्लॅश गॉर्डनवरच चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने ‘स्टार वॉर्स’ हे स्वतःचे ताऱ्यांचे जग रचले.

मालिकेतला एक दोष झाकण्यासारखा नाही. मिंगचे रूप, नाव आणि लांब मिशा त्या काळच्या अमेरिकेत चिनी लोकांविषयी पसरवलेल्या भीतीतून आल्या आहेत. आशियाई वाचकाने हे डोळसपणे वाचायला हवे. पुढच्या लेखक-चित्रकारांनाही ते खटकले असावे. उपरोक्त १९८६ च्या कार्टूनमध्ये मिंगची कातडी हिरवी केली आहे.

बॅरीनंतर मालिका उतरणीला लागली. रोजची पट्टी १९९३ मध्ये थांबली. जिम कीफ याने १९९६ ते २००३ रविवारचे पान काढले आणि त्यानंतर वीस वर्षे जुनीच पाने पुन्हा छापली जात होती. ऑक्टोबर २०२३ पासून डॅन श्केड हा लेखन आणि चित्रे दोन्ही करतो आणि रोजची पट्टी व रविवारचे पान पुन्हा चालू झाले आहे. त्याने मोंगोची राज्ये परत आणली आहेत.