सर्किट आहे, पण सेलमध्ये नाही
‘ई-सिगारेटच्या बॅटरीत सुरक्षेचे सर्किट असतेच, त्यामुळे ती पेट घेत नाही,’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. जादा चार्जिंग आणि शॉर्टसर्किट रोखणारे सर्किट सहसा उपकरणात असते, सुट्या १८६५० सेलमध्ये (बोटाएवढ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलमध्ये) बहुधा नसते, आणि इलेक्ट्रॉनिक भाग नसलेल्या ‘मेकॅनिकल’ प्रकारच्या उपकरणात तर उपकरणातले सर्किटही नसते. या सेलचे धातूचे सगळे कवचच ऋण टोक असते आणि ते थेट धन टोकाच्या कडेपर्यंत पोचते. मध्ये असते फक्त प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन आणि वीज न वाहू देणारी एक चकती. ते वेष्टन फाटले आणि खिशातली किल्ली दोन्हीकडे टेकली, की सेल झपाट्याने तापतो. आतला वायू सोडणारी झडप स्फोटाचा धोका कमी करते, आग विझवत नाही. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे खरी. पण हेच सेल आपल्या टॉर्चमध्येही असतात.