अण्णांनी काढलेलं हृदय

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराचा जिना सतरा पायऱ्यांचा. अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि अकराव्या पायरीवर वळणारा. चाळीस वर्षं माझे वडील, अण्णा, तो दिवसातून दहा वेळा चढले-उतरले. हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टीने तुंबलेली धमनी मोकळी झाली, ती उघडी ठेवायला एक स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसला आणि सहाव्या दिवशी ते घरी आले, तेव्हा बैठकीतल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण पडलं. पुढचा जवळजवळ महिना त्यांनी जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वर काय राहिलंय माझं आता," म्हणायचे. वर त्यांची पुस्तकं होती, देवघर होतं, गच्चीतल्या कुंड्या होत्या.

दवाखान्यातून निघताना हातात दिलेल्या कागदावर औषधांची यादी होती, पुढची तारीख होती. जिन्याबद्दल एक अक्षर नव्हतं. रात्री दोनला छातीवर हात ठेवून उठून बसणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हेही नव्हतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून माझी वीस वर्षं गेली, पण अण्णांनी "अगं, आतलं सगळं बरं झालं की नाही?" असं विचारलं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले.

आधी त्या "आतल्या"बद्दल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पलीकडचा स्नायू प्राणवायूवाचून मरायला लागतो. वाट लवकर मोकळी झाली तर बराचसा वाचतो, पण जो भाग मेला तो मेला. तिथे पुन्हा स्नायू येतो का, हा प्रश्न फार वर्षं अडून होता. तो सुटला तो भलत्याच वाटेने. १९५०-६०च्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला, अन्नातून माणसांच्या पेशींत गेला आणि प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मसालाचा शिक्का बसल्यासारखं झालं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली त्यावरून हिशेब मांडला: पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का नव्याने तयार होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे नवनिर्मिती आहे, पण जखम भरून काढायला ती पुरत नाही.

मग जखम भरते कशाने? पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशींची धाड येते. मागोमाग दुसऱ्या पेशी येतात आणि मेलेला स्नायू अक्षरशः खाऊन साफ करतात. या साफसफाईच्या दिवसांत, म्हणजे साधारण पहिल्या आठवड्यात, ती भिंत सगळ्यांत मऊ असते. त्यानंतर तिथे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणले जाऊ लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत पक्का व्रण तयार होतो. गुडघा फुटल्यावर राहतो तसाच. तो आकुंचन पावत नाही, पण धरून ठेवतो. बाकीचा स्नायू काम चालवून नेतो. फक्त हा उरलेला स्नायू ताणाखाली हळूहळू पसरत जाऊन कमजोर होऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. "मला बीपी कधीच नव्हतं, मग बीपीच्या गोळ्या कशाला?" असं अण्णांनी तीनदा विचारलं होतं. त्यातल्या काही गोळ्या बीपीसाठी नव्हत्याच. हृदयावरचा ताण उतरवून त्याचा आकार बिघडू न देणं हे त्यांचं काम. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्टेंटसाठी. दोन्ही एकत्र बहुधा वर्षभर चालतात, आणि आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नसतात. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हे एवढं कोणी नीट सांगितलं असतं तर आमच्या घरातले दोन वाद टळले असते.

पडून राहण्याबद्दलची आपली समजूतही जुन्या काळातली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे सक्त अंथरुणात ठेवत. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात. १९५२ साली बोस्टनचे हृदयतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं. आज हे साधं वाटतं. त्या वेळी ते अघोरी वाटलं होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट हे चालण्याचे, हिंडण्या-फिरण्याचे पुरस्कर्ते. आयझेनहॉवर बरे झाले, पुढच्या वर्षी निवडणूक लढवून जिंकले, आणि अटॅकनंतरही माणूस कामावर परततो हे साऱ्या जगाने पाहिलं.

त्याहून बोलका प्रयोग १९६६चा, डॅलसमधला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलं होतं. हे वाचलं आणि मी बैठकीतल्या दिवाणाकडे बघितलं. अण्णांना न्हाणीघरापर्यंत जाऊन येताना धाप लागत होती. ते म्हणत, हृदय गेलं. बरीचशी ती धाप पायांच्या स्नायूंची होती, महिनाभर न वापरलेल्या.

आता त्या अभ्यासाबद्दल, ज्याने माझे डोळे उघडले. न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री आणि एलिझाबेथ ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांनी अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, तुमच्या हृदयाचं आता काय झालंय असं वाटतं, ते काढा. कोणी साधा बदाम काढला, कोणी अर्धं हृदय काळं करून टाकलं. २००४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनी माणूस किती सावरला असेल, कामावर किती लवकर परतला असेल, याचा अंदाज त्या चित्रातल्या काळ्या भागावरून जास्त चांगला बांधता येत होता. स्नायूचं खरं नुकसान मोजणारी रक्तातली ट्रोपोनिनची पातळी त्या कामी तेवढी उपयोगी पडली नाही.

मी अण्णांपुढे माझी वही ठेवली. हसले, नाही म्हणाले, मग चष्मा लावून बराच वेळ बसले. त्यांनी काढलं ते एक मडकं होतं. तळापासून तोंडापर्यंत चीर गेलेलं. चिरेवर त्यांनी पेन्सिल इतक्या वेळा फिरवली की कागद फाटला. "धक्का लागला की संपलं," एवढंच बोलले.

त्यांच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात लिहिलं होतं की हृदयाचं पंपिंग किंचित कमी आहे. किंचित. तो कागद फाइलमध्ये महिनाभर होता आणि अण्णांच्या डोक्यात फुटकं मडकं. जिना कोण चढेल?

या भीतीला मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नये. अटॅकनंतर साधारण पाचांत एकाला औदासीन्याचा, म्हणजे डिप्रेशनचा, खरा आजार होतो. मन खट्टू झालं, चार दिवस रडू आलं, चिडचिड झाली, हे बहुतेकांना होतं आणि ओसरतंही. पण दोन आठवडे सरले तरी कशातच रस नाही, झोप नाही, भूक नाही, "जगून काय करायचं" हे वरचेवर तोंडी येतं, तर ते डॉक्टरांपुढे बोलायलाच हवं. १९९३ साली मॉन्ट्रियलच्या संशोधक नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी २२२ रुग्णांचा मागोवा घेऊन दाखवलं की डिप्रेशन असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू बरेच जास्त होते, हृदय किती कमजोर झालंय हे हिशेबात धरूनसुद्धा. कारणं दोन्हीकडची. अशा अवस्थेत ताणाची रसायनं चढी राहतात, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट होतात. आणि उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, बिडी-सिगारेटकडे परत वळतो. समुपदेशनाने मन सुधारतं, सर्ट्रालीनसारखं औषध हृदयरुग्णांना सुरक्षित ठरलं आहे. मनावर उपचार केल्याने आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. मला स्वतःला त्याने फरक पडत नाही. माणूस बरा वाटून घेऊन जगतो आहे, एवढं कारण मला पुरे आहे.

अण्णांची रात्र वेगळ्याच गोष्टीने बिघडत होती. डाव्या कुशीवर वळलं की त्यांना ठोके "आपटल्यासारखे" ऐकू येत. त्याचं कारण साधं आहे. डाव्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं, म्हणून ठोका जाणवतो. तो आधीही तसाच पडत होता, लक्ष नव्हतं एवढंच. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने ठोका आणखी जोरात पडतो, आणि त्याने भीती वाढते. हे चक्र तोडायला संथ श्वास मदत करतो. इटलीचे संशोधक लुसियानो बर्नार्डी यांनी २००१ साली दाखवलं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा 'ॐ मणिपद्मे हुम्' म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहापर्यंत येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तल्लख होते. अण्णा रामरक्षा म्हणतात, भरभर, एका दमात. मी सांगितलं, एका ओळीला एक पूर्ण श्वास. उजव्या कुशीवर, दिवा मालवून.

चालणं आम्ही अंगणापासून सुरू केलं. सपाटीवर पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. नाडी मोजण्यात अर्थ नव्हता, कारण ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी तिला फारशी वर जाऊ देत नाही. त्याऐवजी बोलण्याची खूण धरली. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. गाता येत असेल तर वेग कमी, शब्दाशब्दाला श्वास लागत असेल तर जास्त. तिसऱ्या आठवड्यात नेहरू पार्कचा एक फेरा झाला. जेवल्याबरोबर चालायचं नाही, आणि थंडीच्या पहाटे तर नाहीच, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. ऊन वर आलं की निघायचं.

आपल्याकडे हृदयरुग्णांच्या अशा पुनर्वसनाची केंद्रं मोजकी आणि खर्चीक. त्यावर उत्तर शोधायला डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी देशातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी घेतली. २०२०च्या निष्कर्षांत मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्यात ठोस फरक दिसला नाही, पण योग करणाऱ्यांना स्वतःची प्रकृती जास्त चांगली वाटत होती आणि ते आपल्या रोजच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. अण्णांच्या मडक्याला याचंच औषध हवं होतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. इंदुरी माणसाला पोहे सोडायला सांगू नका, ऐकणार नाही. मीठ जास्त असतं ते वरच्या मूठभर शेवेत आणि जीरावणात, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यात. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मीठाची मर्यादा. पोहे मटार, कांदा, लिंबू घालून घरी, आणि शेव आठवणीपुरती.

एक प्रश्न आपल्या घरांत कोणी तोंडावर आणत नाही, तो पती-पत्नीच्या शरीरसंबंधाचा. नवरा-बायको दोघंही मनातल्या मनात घाबरून राहतात. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते, असा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे. मात्र छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर व्हायग्रासारख्या गोळ्या अजिबात चालत नाहीत. रक्तदाब कोसळतो. हे डॉक्टरांना सरळ विचारावं.

आणि दुखलं तर? बोट ठेवून दाखवता येईल असं, क्षणभर टोचणारं, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर कमी-जास्त होणारं दुखणं बहुधा स्नायूंचं. छातीवर ओझं ठेवल्यासारखं, हातात, जबड्यात, पाठीत जाणारं, घाम आणि धाप घेऊन येणारं दुखणं वेगळं. मधुमेह्यांत ते नुसती धाप किंवा गळून जाणं एवढंही असू शकतं. खाली बसायचं, लिहून दिलेली गोळी जिभेखाली, आणि पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. शेजाऱ्यांचा सल्ला, जेलुसिल, ओवा यांत वेळ घालवायचा नाही. आम्ही हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं. नेमकं कधी घाबरायचं हे ठरल्यावर अण्णांचं बाकी वेळचं घाबरणं कमी झालं.

आईचं कमी व्हायला जास्त दिवस लागले. ती रात्री उठून त्यांच्या नाकापुढे हात धरायची. अण्णा पाण्याचा तांब्या उचलायला गेले की "अहो, राहू द्या!" आजार अण्णांना झाला होता, पण अटॅकच्या रात्री जमिनीवर पडलेले अण्णा तिने पाहिले होते, त्यांनी स्वतःला पाहिलं नव्हतं. अशा घरच्या माणसालाही झोप, विचारपूस, बोलायला कोणी लागतं. शेवटी पुढच्या तपासणीला मी तिलाच आत नेलं. डॉक्टरांनी इकोचं चित्र दोघांना पडद्यावर दाखवलं, हलणारं हृदय, त्यातला किंचित मंद हलणारा तुकडा. आई म्हणाली, "एवढंच?"

त्या संध्याकाळी अण्णा जिना चढले. मी मागे दोन पायऱ्या सोडून. अकराव्या पायरीवर थांबले, भिंतीला हात लावून. खालून आईचा आवाज आला, "काय झालं?" काही झालं नव्हतं.

आता ते रोज चढतात, कुंड्यांना पाणी घालतात. अकराव्या पायरीवर अजून थांबतात, धाप लागलेली नसते तरीही. आई खाली पोहे निवडत असते. मान वर करून बघते, आणि विचारत नाही.