रोपाचे वय आणि परसबागेची वही

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला बागेची अवस्था विचारली, तर तो बहुधा तारीख सांगत नाही. छाटणीपासून कितवा दिवस चालू आहे, ते सांगतो. फवारणी आणि विरळणी यांचा हिशेब त्याच दिवसांवर चालतो. घरामागच्या चार वाफ्यांसाठीही हीच रीत उसनी घ्यावी, कारण रोपाचे वय पेरणीपासून मोजले, की दोन हंगामांची तुलना करता येते.

मात्र दिवस मोजले, तरी थंडीत पेरलेला टोमॅटो फुलायला जास्त दिवस का घेतो, हे कोडे उरतेच. त्याचे उत्तर उष्णतेच्या बेरजेत आहे. रोपाची वाढ साचलेल्या उष्णतेवर अवलंबून असते, हा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ साली मांडला. टोमॅटोसाठी १० अंश सेल्सिअस हे किमान तापमान धरतात. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून १० वजा केले, की त्या दिवसाची कमाई कळते. डिसेंबरात सांगलीत कमाल २८ आणि किमान १२ असेल, तर कमाई १० होते. मार्चमध्ये ३६ आणि १८ असेल, तर ती १७ होते. म्हणजे थंडीत दहा दिवसांत साचणारी उष्णता मार्चमध्ये सहा दिवसांतच साचते. हा हिशेब फार पुढे ताणू नये, कारण पारा ३५च्या वर राहू लागला, की परागकण निकामी होऊन टोमॅटोची फुले गळतात.

पाऊसही स्वतःच मोजलेला बरा. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरच असतो. अशा ठिकाणी जिल्ह्याच्या सरासरीचा परसबागेला काय उपयोग? उघड्यावर सरळ भिंतींचा डबा ठेवावा आणि आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, त्यामुळे झारीचा हिशेबही सुटतो.

कुंडीतल्या पट्टीवर वाण आणि पेरणीची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई उन्हाने उडते, पेन्सिलीतले ग्रॅफाइट उडत नाही.

उगवले नाही, करपले, गळले, हेही वहीत यावे. यशाच्या नोंदी सगळेच हौसेने ठेवतात. पण दहा बिया टाकून चारच उगवल्या, हा आकडा लिहिलेला नसेल, तर पुढच्या वर्षी बियाणे जुने होते की माती घट्ट होती, याचा शोध कुठून सुरू करणार? क्षुल्लक वाटणारी नोंदही टाळू नये. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली, एवढेच तारखेसह लिहावे. पिठ्या ढेकूण रस शोषताना गोड चिकट द्रव सोडतो आणि मुंग्या त्यासाठी येतात. म्हणून रांग दिसताच शेंड्याची पाने उलटून पाहिली, तर या किडीचा कापसासारखा पांढरा थर साऱ्या झाडावर पसरण्याआधीच ती फांदी कापता येते.