'नोंदणी विवाह' आणि 'विवाह नोंदणी' : पार्श्वभूमी

विवाह प्रमाणपत्राचा निम्मा घोळ या दोन शब्दप्रयोगांत आहे. 'नोंदणी विवाह' म्हणजे लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात तो. प्रत्यक्षात त्याचा कोर्टाशी संबंध नाही. वधूवर विवाह अधिकाऱ्यासमोर एकमेकांचा स्वीकार करतात आणि लग्न तिथेच लागते. 'विवाह नोंदणी'त लग्न आधीच लागलेले असते, मांडवात किंवा निकाह पढून. कार्यालय फक्त त्याची नोंद घेते. प्रमाणपत्र दोन्हीकडे मिळते, म्हणून माणसे फसतात.

पहिली वाट, म्हणजे नोंदणी विवाह, 1872 च्या कायद्यापासूनची. तेव्हा असे लग्न करायचे तर आपण हिंदू, मुस्लिम वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी ही अट सैल झाली. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा अडसर काढला, पण 30 दिवसांची नोटीस ठेवली. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे, आणि नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावायची. घरच्यांचा विरोध पत्करून आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलीसाठी तो महिना जीवघेणा ठरू शकतो. आक्षेप घ्यायला जागा हवी हे मान्य, पण त्यासाठी नावपत्ता भिंतीवर कशाला? 2021 मध्ये उत्तर प्रदेशातल्या उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. कायद्यातले कलम मात्र तसेच आहे.

दुसरी वाट, म्हणजे विवाह नोंदणी, आपल्याकडे महाराष्ट्रात 1953 च्या मुंबई कायद्याने सुरू झाली. आजचे अर्ज भरले जातात ते 1998 च्या राज्य कायद्याखाली : लग्नापासून 90 दिवसांत ज्ञापन (लग्नाची माहिती देणारा ठरावीक अर्ज), तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही, उशीर झाल्यास जादा शुल्क. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) असते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद देशभर सक्तीची करायला सांगितले, त्याआधीपासून महाराष्ट्रात ती होती. त्याच निकालात हेही आहे की नोंद हा लग्नाचा भक्कम पुरावा, पण केवळ नोंदीने लग्न वैध ठरत नाही.

या वाक्याचे वजन 2024 मध्ये कळले. विधी न करताच प्रमाणपत्र घेतलेल्या एका जोडप्याचे लग्न, हिंदू विवाह कायद्यानुसार झालेलेच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 1955 च्या त्या कायद्यात रूढीप्रमाणे विधी लागतात. सप्तपदीची रूढी असेल तर सातवे पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होते.

आपल्याकडे मुलाचा परदेशचा व्हिसा अडला की 'आधी नोंद करून टाकू, मुहूर्त दिवाळीनंतर' असे सर्रास ठरते. अशा घराला हवा असतो नोंदणी विवाह, आणि अर्ज भरला जातो विवाह नोंदणीचा. मग ज्ञापनात न झालेल्या लग्नाची तारीख पडते, आणि खाली गुरुजींची सही.