मूठ पिळली की स्कूटरच्या आत काय होतं

नवी गाडी घेतली असेल तर एक काम करा, सकाळी साडेसहा-सातला रस्ते मोकळे असताना नागपुरातल्या सिव्हिल लाईन्सकडे एक चक्कर मारा आणि मूठ अर्धी पिळून तशीच धरून फक्त आवाज ऐका. आधी इंजिनाचा आवाज झपकन वर जातो, मग गाडी उचलते, आणि त्यानंतर काटा २० वरून ३० वर, ३० वरून ४० वर सरकत राहतो पण आवाज जवळपास तिथल्या तिथेच. मोटारसायकलवर असं होत नाही, तिथे आवाज चढतो, गिअर टाकला की उतरतो, परत चढतो. इथे इंजिन एका सुरात आणि चाक मात्र जोरात जोरात, म्हणजे मधे कोणीतरी सारखं गिअर बदलतंय. ते काम साध्या स्कूटरमध्ये कुठलाही कॉम्प्युटर करत नाही, काही ग्रॅम वजनाचे रोलर, एक रबरी बेल्ट आणि थोड्या स्प्रिंगा करतात. मला हे यंत्र फार आवडतं, आणि नागपुरात रोज ऑफिसला स्कूटरने जाणाऱ्या प्रत्येकाला ते थोडं तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, कारण ॲव्हरेज, पिकअप, चौकातून निघताना होणारी थरथर, पुलावर चढताना होणारी दमछाक, या सगळ्याचा उगम तिथेच आहे.

गाडीच्या डावीकडे लांबट कव्हर असतं ना, किकजवळचं, त्याच्या आत हा सगळा कारभार. दोन पुली, पुढची इंजिनाच्या क्रँकवर, म्हणजे इंजिन फिरवतं त्या दांड्यावर, मागची चाकाकडे, आणि दोन्हीवरून फिरणारा व्ही आकाराचा बेल्ट. पण या पुली विहिरीवरच्या पुलीसारख्या एकसंध नसतात, प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन तिरक्या तबकड्या, त्या जवळ आल्या की बेल्ट वर चढून मोठ्या गोलावर फिरतो, लांब झाल्या की खाली उतरून छोट्या गोलावर. पुढच्या पुलीच्या मागे ते रोलर ठेवलेले असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला पळायला बघतात पण त्यांची वाट तिरपी केलेली असते, त्यामुळे बाहेर जाता जाता ते तबकडीला ढकलतात, तबकड्या जवळ येतात, पुढे बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तर ठरलेली, मग मागे तो स्प्रिंगला न जुमानता तबकड्या फाकवून आत खाली बसतो. सुरुवातीला पुढे छोटा गोल आणि मागे मोठा, म्हणजे पहिला गिअर, ताकद जास्त वेग कमी. शेवटी पुढे मोठा आणि मागे छोटा, म्हणजे टॉप. आणि मधले सगळे टप्पे सलग, पायऱ्याच नाहीत.

ही कल्पना जुनी आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये अशीच बेल्टवाली कार आणली होती, व्हेरिओमॅटिक नाव होतं त्या रचनेचं. आपल्याकडे डाव्या हाताची मूठ फिरवून गिअर टाकायच्या स्कूटर चालायच्या, त्या काळात १९८४ साली किनेटिक होंडा आली, बटन स्टार्ट आणि गिअर नाहीच. साड्या नेसणाऱ्या कितीतरी बायका स्वतः गाडी चालवत कामाला जायला लागल्या त्यात या बेल्टचा वाटा मोठा आहे, आणि मला वाटतं हे श्रेय त्याला कोणी नीट देत नाही.

आता चौकातली गोष्ट. मागच्या पुलीला एक क्लच जोडलेला असतो, तोही फिरण्याच्या जोरावरच चालतो. त्याच्या आत क्लच शू असतात, स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले. गाडी नुसती सुरू असताना इंजिन मिनिटाला साधारण सतराशे-अठराशे फेरे मारतं, तेवढ्यात शू बाहेर येत नाहीत म्हणून गाडी जागेवर उभी राहते. मूठ पिळली, फेरे अडीच-तीन हजाराच्या आसपास गेले की शू बाहेर फेकले जातात, बाहेरच्या भांड्याला घासतात आणि चाक फिरायला लागतं. यातला 'घासतात' हा शब्द लक्षात ठेवा. पूर्ण पकड बसेपर्यंत शू आणि भांडं एकमेकांवर घसरत असतात आणि तेवढी सगळी ताकद उष्णता होऊन जाते. मेडिकल चौकात सिग्नल सुटायची वाट बघत थोडी रेस, दोन फूट पुढे, परत थोडी रेस, परत दोन फूट, असं जे आपण करतो ना, त्यात क्लच सतत त्या अर्धवट घसरणीत असतो. मेकॅनिक म्हणतात, भाऊ, गाडी हाफ क्लचवर चालून राहिली. शूंचा पृष्ठभाग तापून तापून चकचकीत होतो, मग पकड एकसारखी बसत नाही आणि निघताना गाडी थरथरते. पुलाच्या चढावर ट्रॅफिक अडकलं तर ब्रेक धरून उभं राहायचं, रेस देऊन गाडी तोलून धरायची नाही, क्लचसाठी यापेक्षा वाईट काही नाही. पुढे पाच-सहा फूट तरी जागा मोकळी होऊ द्यायची आणि मग एकदाच निघायचं, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

याच क्लचची दुसरी बाजू मात्र नव्या माणसाला कोणी सांगत नाही. मूठ सोडली आणि वेग अगदी कमी झाला की शू आत येतात आणि इंजिन चाकापासून सुटतं, गाडी मोकळी घरंगळते. बर्डीच्या गल्लीत हळू यू-टर्न घेताना हेच होतं, मधेच गाडीतला जोर निघून जातो, तोल जायला लागतो, आपण घाबरून मूठ पिळतो आणि क्लच धाडकन पकडतो. अशा वळणावर मूठ किंचित पिळलेलीच ठेवायची आणि वेग डाव्या, म्हणजे मागच्या ब्रेकने हलकासा सांभाळायचा. दोन-तीन सेकंदांच्या घसरणीने क्लचचं काही बिघडत नाही, अर्धा तास रांगण्याने बिघडतं.

वर्धा रोडचा तो ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल, त्याच्या चढावर डबलसीट जाताना लक्ष द्या, वेग उतरतो पण इंजिनाचा आवाज त्या मानाने उतरत नाही. मागच्या पुलीत तिरक्या खाचांची एक रचना असते, चाकावर ओझं वाढलं की त्या खाचांमुळे मागच्या तबकड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बेल्ट मागे वर चढतो, पुढे खाली उतरतो, म्हणजे गाडीने आपणहून खालचा गिअर टाकला. म्हणून चढावर मूठ पूर्ण पिळून आवाज वाढवण्यात फार अर्थ नसतो, पुलीला तिचं काम करू द्यायचं, वेग थोडा पडला तर पडला. सपाटीवर मात्र बेल्ट टॉपच्या जवळ जाऊन स्थिर बसतो तो वेग, अंदाजे ४० ते ५०, ॲव्हरेजसाठी चांगला. त्याच्या वर हवा आडवी येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० ऐवजी ६० ने गेलं तर दीडपट नाही, सव्वादोनपट.

उन्हाचं काय, हा तर नागपूरचा प्रश्न. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी डांबर चपलेला चिकटतं. अशा हवेने इंजिन थंड करायचं. बहुतेक साध्या स्कूटरना रेडिएटर नसतो, क्रँकवरच एक पंखा लावलेला असतो तो इंजिनावर हवा फेकतो, म्हणून उभ्या गाडीतही थोडी हवा मिळत राहते. पण बाहेरची हवाच ४५ डिग्री असली की तिची उष्णता नेण्याची कुवत कमी. बेल्टच्या कव्हरमध्येही हवा आत-बाहेर जायची सोय असते, आणि रबराचा बेल्ट जास्त उष्णतेत लवकर म्हातारा होतो, बारीक भेगा पडतात. मॅन्युअलमध्ये बेल्ट बघायचे आणि बदलायचे किलोमीटर दिलेले असतात, आपल्याकडच्या उन्हात ते पुढे ढकलू नका, कारण बेल्ट तुटायच्या आधी काही सांगत नाही, आवाज येतो आणि गाडी जिथे असेल तिथे उभी.

पेट्रोल टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर तीही सोडा. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथलं पेट्रोल त्या मानाने थंड. गाडी उन्हात लावली आणि पेट्रोल ३० डिग्रीने तापलं तर पाच लिटरचं जवळपास दीडशे मिलीने फुगतं. आताच्या गाड्यांत वाफ बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाचा एक डबा बसवलेला असतो, तो वाफ शोषायला आहे, टाकी काठोकाठ असली तर त्यात पातळ पेट्रोलच शिरतं आणि त्याचं काम बिघडतं. नोझलने कट दिला की थांबायचं.

नव्या गाडीच्या पहिल्या काही शे किलोमीटरबद्दल घरात मतभेद असतात, वडील म्हणतात चाळीसच्या वर नेऊ नको, मित्र म्हणतो आताच्या गाड्यांना काही लागत नाही. खरं मधे आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात, त्यात तेल टिकतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या रेघांची टोकं घासून आपली जागा करतात. फार हळू एकाच वेगाने चालवलं तर रिंगा नीट बसत नाहीत, पूर्ण मूठ पिळून पळवलं तर जास्त तापतात. कधी ३०, कधी ४५, असा बदलता वेग बरा, आणि शहरातल्या रोजच्या जाण्यायेण्यात तो आपोआप मिळतो. या घासण्यातून निघालेला धातूचा बारीक चुरा तेलात मिसळतो, म्हणून पहिलं सर्व्हिसिंग चुकवायचं नाही, त्यात तेल बदलणं हेच मुख्य काम. आणि मागच्या चाकाजवळच्या दातेरी चाकांचं वेगळं गिअर ऑइल असतं, शे-सव्वाशे मिलीच्या आसपास, ते इंजिन ऑइलसोबत आपोआप बदललं जात नाही, आठवणीने विचारायचं.

ब्रेकबद्दल मात्र मला जरा जोर देऊन सांगायचंय. आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील. आकडे बघू. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो धरा, जोरात ब्रेक मारला की सगळा भार पुढे झुकतो, अंदाजे ४५ किलो वजन मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातं. ज्या चाकावर भार जास्त त्याची रस्त्यावर पकड जास्त. म्हणजे नेमकं थांबायच्या क्षणी मागचं चाक हलकं झालेलं असतं आणि आपण फक्त तेच दाबतो, ते लॉक होऊन घसरतं. ४० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी १२-१३ मीटरमध्ये थांबू शकते, नुसता मागचा असेल तर वीसच्या पुढे, आणि त्याआधी डोळ्याने बघून हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर गेलेलेच असतात. वेग ६० असेल तर दोन्ही ब्रेक लावूनही हे सगळं मिळून ४५ मीटरच्या घरात. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला तो याचसाठी, डावा लिव्हर दाबला की थोडा पुढचाही लागतो. पण थोडाच, उजवा हात वापरायची सवय करावीच लागते. मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने दोन्ही लिव्हर हळूहळू घट्ट करत जायचा सराव करा, झटका द्यायचा नाही. गिट्टी, रेती, ओला रस्ता, वळण, इथे पुढचा ब्रेक जपून. नवे टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात, थोडे घासले गेले की पकड येते.

आता चाकं. सिमेंट रोडची कड आणि बाजूचे खचलेले गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, यांच्यात दोन-दोन इंचाची पायरी आपल्या शहरात जागोजागी आहे. दहा इंची स्कूटरचं चाक टायरसकट साधारण २१-२२ सेंटिमीटर त्रिज्येचं, मोटारसायकलचं ३० च्या आसपास. पाच सेंटिमीटरची पायरी समोर आली तर मोटारसायकलच्या चाकाला ती ३३ अंशांच्या चढासारखी लागते आणि स्कूटरला ४० अंशांच्या. म्हणून पायरी तिरपी घासत चढायची नाही, जमेल तितकी सरळ घ्यायची, आणि गाडी अजून घ्यायची असेल तर पुढे बारा इंची चाक असलेला मॉडेल इथल्या रस्त्यांना जास्त मानवतो असं माझं मत.

हवेचं गणित शेवटी सांगतो कारण ते दर महिन्याला लागतं. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२, मागे २९ आणि डबलसीटला मागे ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असा आकडा असतो, आपल्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हा आकडा थंड टायरचा. सकाळी २७ डिग्रीला २९ भरलेला टायर दुपारी तापून ६० डिग्रीला गेला तर आतला दाब ३४ च्या जवळ जातो, भोक-बिक काही नाही, नुसती गरम हवा. दुपारी पंपावर हा ३४ बघून पोरगा हवा सोडून परत २९ वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २५ वर बसलेला असतो, गाडी जड वाटते, ॲव्हरेज पडतो, टायरच्या कडा झिजतात. त्यामुळे हवा घराजवळच, सकाळी, गाडी दोन किलोमीटरच्या वर चालायच्या आत बघायची. आणि डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की हेच उलटं होतं, तोच २९ चा टायर काही न होता साडेसव्वीसवर येतो, तेव्हा थंडी पडली की पहिल्याच आठवड्यात एकदा पंक्चरवाल्याकडे थांबून हवा भरून घ्या.